मिठागराच्या धड्यात गोष्ट नसते

घरात मूल वाचू लागले की त्याची पहिली परीक्षा होते ती बहुधा वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून पान पुढे करतात, नातू अडखळत का होईना ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते’ पार करतो आणि घराला धन्य वाटते. जोडाक्षरे आली म्हणजे वाचन आले, हा आपला जुना हिशेब. तो अगदीच खोटा आहे असे नाही, जोडाक्षरांवाचून कोणाचे अडणार नाही असे कोण म्हणेल? पण पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसहून अधिक वर्षे तिसरी-चौथीचे वर्ग घेतल्यावर माझी एक खात्री झाली आहे. अक्षर आणि अर्थ यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. तिच्याकडे घरात कोणाचे लक्ष नसते आणि शाळेतही फारसे नसते. ही पायरी म्हणजे मजकुराची बांधणी ओळखणे.

गोष्टीची बांधणी मूल शाळेत येण्याआधीच शिकून आलेले असते. आजीने आटपाट नगराचे नाव काढले, की आता कोणीतरी राजा किंवा ब्राह्मण येणार, त्याच्यावर संकट ओढवणार, ते कोणाच्या तरी हातून निवारले जाणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच गोष्ट वाचताना एखादा शब्द अडला तरी त्याचे काम अडत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज त्याला सावरून धरतो. माहितीच्या मजकुराला अशी आजी नसते. तो मुलाच्या पुढ्यात एकदम येऊन पडतो, तोही परीक्षेच्या उताऱ्याच्या वेशात.

पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत मी मिठागरावरचा एक छोटा उतारा वाचायला दिला होता. उधाणाचे पाणी बांधातल्या वाटेने आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या उथळ वाफ्यात सोडत नेतात, ऊन आणि वारा पाण्याची वाफ करतात आणि अखेरच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात, असा मजकूर. चौथीतल्या एका मुलाने तो खणखणीत वाचला. वाचून झाल्यावर मान वर केली आणि विचारले, “बाई, मग पुढं काय झालं?”

वर्ग हसला. मला मात्र त्या प्रश्नाने बरेच दिवस सोडले नाही. त्या मुलाचे वडील मिठागरावर मजुरीला जात. मीठ कसे धरते हे त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होते. पण छापील मजकुरात तो एखादा राजा शोधत होता, आणि राजा न सापडल्यामुळे त्याच्या दृष्टीने उतारा अर्धवट राहिला होता. अंगणातली गोष्ट कागदावर आली आणि परकी झाली.

दोष मुलाचा नव्हे. आपली सगळी पहिली-दुसरी गोष्टी आणि कवितांवर उभी आहे, आणि ती तशीच असावी. वाचनाची गोडी तिथेच लागते. पण तिसरीपासून परिसर अभ्यास सुरू होतो, सहावीपासून विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र येते आणि पुस्तकांतून राजे निघून जातात. ज्या मुलाने तोवर फक्त ‘पुढे काय झाले’ एवढाच प्रश्न विचारायची सवय केली, त्याला भूगोलाचे पान म्हणजे विटांचा ढीग वाटू लागते. मग तो एकेक वीट उचलून पाठ करतो. याला आपण घोकंपट्टी म्हणतो आणि मुलांना नावे ठेवतो.

२००५ पासून ‘असर’ ही पाहणी देशातल्या ग्रामीण मुलांचे वाचन तपासत आली आहे. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही तिची बातमी आपण अनेकदा वाचतो. हा दुसरीचा मजकूर म्हणजे एक छोटी गोष्ट असते आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची असते. हजारो गावांत घरोघर जाऊन करायच्या पाहणीत याहून जास्त काही करणे कठीण, हे मला मान्य आहे. पण याच पाहणीने २०१७ आणि २०२३ साली चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांपुढे जुलाबावरच्या ओआरएसचे पाकीट ठेवले आणि त्यावरच्या सूचना वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितले. ज्यांना साधा मजकूर वाचता येत होता, त्यांतल्याही अनेकांची तिथे दांडी उडाली. पाकिटावरचे शब्द काही संस्कृतातले नसतात. एका पाकिटाला एक लिटर पाणी, केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे. पण यात आधी काय, मग काय आणि कोणत्या अटीवर काय, हे वेगळे काढता आले नाही तर वाचलेले शब्द तोंडातच राहतात. ऐन पावसाळ्यात आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर जुलाबाची साथ येते, तेव्हा हे पाकीट घरातल्या शाळकरी पोराच्याच हातात दिले जाते, कारण त्या घरात वाचता येणारा तोच एकटा असतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने आणलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या इंग्रजी नावातच ‘समजून वाचणे’ हे शब्द आहेत. शब्द चांगले आहेत. समजण्यासाठी मुलाने नेमके काय करायचे, हे मात्र वर्गात उभे राहूनच शोधावे लागते.

या विषयाचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत पूर्वीपासून झाला आहे. अमेरिकेतल्या बॉनी मेयर या संशोधिकेने १९७५ साली गद्याची बांधणी आणि स्मरण यांचा संबंध पुस्तकरूपाने मांडला. माहितीपर लेखनाच्या मुख्य ठेवणी मोजक्याच असतात, असे त्यांचे आणि त्यांच्या मागून आलेल्यांचे म्हणणे. वर्णन, क्रम, कार्यकारण, तुलना, आणि अडचण व तिच्यावरचा उपाय. पुढे १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखकाने वापरलेली ठेवण ओळखून तिच्याच आधाराने आठवणारी मुले जास्त लक्षात ठेवतात, असे त्यात दिसले. न्यूयॉर्कमध्ये जोआना विल्यम्स यांनी तर दुसरीच्या मुलांना प्राण्यांवरच्या उताऱ्यांतून तुलनेची ठेवण शिकवून पाहिली, आणि इतक्या लहान मुलांनाही ती शिकवता येते हे दाखवले.

हे सगळे मला कळले ते बऱ्याच उशिरा, एका प्रशिक्षणात. पण ऐकताना वाटले, याला न्यूयॉर्क कशाला हवे? पेण ते रोहा या पट्ट्यात या पाचही ठेवणी रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत.

पेण म्हटले की गणपती. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्तींचे कारखाने चालतात. माती मळायची, साच्यात थापायची, सुटे भाग जोडायचे, मूर्ती सुकवायची, घासूनपुसून तिला पांढरा हात द्यायचा, मग रंग, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, तीही मुरलेल्या हाताकडूनच. हा झाला क्रम. यातली एक पायरी पुढेमागे केली की मूर्ती बिघडते. याच कारखान्यात तुलनाही आहे. शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ घेणारी, प्रवासात जपावी लागणारी, पण पाण्यात विरघळणारी. प्लास्टरची हलकी, झटपट घट्ट होणारी, धक्का सोसणारी, पण पाण्यात तशीच राहणारी. हीच माहिती दोन तऱ्हांनी लिहिता येते. आधी शाडूचे सगळे सांगून मग प्लास्टरचे सगळे सांगावे, किंवा वजन, सुकणे, विरघळणे असा एकेक मुद्दा घेऊन दोघांना शेजारी उभे करावे. पहिल्या तऱ्हेत मुलाला अर्धा उतारा डोक्यात धरून ठेवावा लागतो, म्हणून ती अवघड जाते. तक्ता काढला की दोन्ही तऱ्हा एकाच घरात येऊन बसतात.

अडचण आणि उपाय पाहायचा तर खारभूमीकडे जावे. भरतीचे पाणी भातशेतात शिरते, जमीन नापीक होते, ही अडचण. मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर रोखायचे आणि पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचे, हा उपाय. या कामासाठी १९४८ आणि १९७९ साली कायदे झाले आणि पेणला खारभूमी विकासाचे कार्यालय आहे. बांधाला खांड पडली की काय होते, हे इथल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. उपायालाच पुन्हा अडचण कशी फुटते, हेही त्यांना कळते.

आणि कार्यकारणासाठी रोह्याच्या कुंडलिकेसारखा दुसरा धडा मला सापडला नाही. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, कुंडलिका एप्रिल-मेमध्येही वाहते. का? मुलांची उत्तरे ठरलेली. “झरे आहेत म्हणून”, “देवाची कृपा म्हणून”. खरे कारण सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात आहे. मुळशीला टाटांनी मुळा नदीवर धरण बांधले. शेतकऱ्यांची जमीन बुडत होती म्हणून १९२१ साली तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते. तरी धरण झाले. त्याचे पाणी डोंगराखालून बोगद्याने आणून कोकणच्या बाजूला भिरा इथल्या वीजघरात सोडले जाते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेला मिळते. म्हणून नदी बारमाही. म्हणून डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालव्यांना पाणी, म्हणून धाटावचे कारखाने, म्हणून कोलाडच्या तराफ्यांत बसून सकाळी ओरडणारे शहरी पाहुणे. जे पाऊसपाणी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला जायचे, ते रेवदंड्याच्या बाजूने अरबी समुद्राला मिळते. ही साखळी फळ्यावर बाणांनी काढली, तेव्हा वर्ग काही वेळ गप्प झाला होता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, ज्यांची जमीन बुडली त्यांना काय मिळालं?” कार्यकारणाचा बाण एकदा काढायला शिकवला की मूल तो हव्या त्या दिशेने काढते, ही त्यातली खरी मौज.

वर्णनाला सर्वांत सोपे समजतात, पण मुलांना तीच ठेवण सर्वांत निसरडी वाटते. त्यात धरायला दोरीच नसते. मी त्यांना पानाची उपमा देते. पंक्तीत पान वाढताना मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला, भाजी कोणत्या बाजूला हे ठरलेले असते. वर्णनाचा चांगला उतारा असाच वाढलेला असतो. मधोमध विषय आणि भोवती त्याचे भाग. कोणत्या बाजूने खायला सुरुवात करायची, हे आपल्यावर.

ही दोरी असणे-नसणे मुलांना कळले ते कागदाच्या पट्ट्यांमुळे. रोहा तालुक्यातल्या एका शाळेत मी दोन उतारे घेतले. एक मूर्ती घडवण्याचा, दुसरा रोहा स्थानकाचा. दोन्हींची वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहिली, पिसली आणि गटांना लावायला दिली. मूर्तीच्या पट्ट्यांवर खडाजंगी झाली. एका गटाने आखणी रंगाच्या आधी लावली होती. एका मुलीचा मामा हमरापूरला कारखान्यात कामाला. ती उठून त्यांच्या पट्ट्यांपाशी गेली आणि म्हणाली, “डोळे आधी काढले तर रंगात बुजतील की.” पट्टी हलली. स्थानकाच्या पट्ट्या मात्र प्रत्येक गटाने वेगळ्या लावल्या. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते, स्थानकावर अमुक फलाट आहेत, बाहेर रिक्षा उभ्या असतात, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, अशी ती वाक्ये. मी कोणालाच चूक म्हणेना, तेव्हा एक मुलगा वैतागून म्हणाला, “बाई, ही कुठंपण लावा, चालतंय!”

त्या एका वाक्यात जे होते, ते मला तासभर बोलूनही सांगता आले नसते. काही मजकूर हलवता येतो, काही हलवता येत नाही. जो हलत नाही, त्याच्या आत काहीतरी बांधलेले असते. कशाने बांधले आहे, ते शोधायचे.

इथे मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. परदेशी पुस्तकांत सांगतात, की खुणेचे शब्द शोधा, म्हणजे ठेवण कळेल. इंग्रजीत हे सोपे आहे, तिथे खुणेचा शब्द बहुधा वाक्यात सुटा, ठळक उभा असतो. मराठीतही ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘नंतर’ आहेत. पण आपली निम्मी खूण शब्दाच्या शेपटीत दडलेली असते. ‘बांध फुटल्याने खारे पाणी शेतात शिरून भात करपले.’ एवढ्याशा वाक्यात तीन घटना आणि दोन कारणे आहेत, आणि ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ यांतला एकही शब्द नाही. सगळा भार ‘ल्याने’ आणि ‘ऊन’ यांच्यावर. जे मूल अक्षरे लावण्यात दमलेले असते, ते शब्दाच्या शेवटापर्यंत पोचता पोचता शेपूट गिळून टाकते. ‘फुटल्याने’ काय, ‘फुटल्यावर’ काय आणि ‘फुटला तरी’ काय, त्याला सगळे सारखेच.

त्यात हा ‘ऊन’ मोठा लबाड. ‘माती भिजवून मळतात’ यात तो क्रम सांगतो. ‘दमून झोपला’ यात कारण सांगतो. ‘पळून आला’ यात आला कसा ते सांगतो. आणि पुस्तकी मराठीतला ‘असून’ तर काहीच सांगत नाही. ‘रोहे हे तालुक्याचे ठिकाण असून ते कुंडलिकेच्या काठी वसले आहे’, अशी वाक्ये आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. एका मुलीने मला सरळ विचारले होते, की तालुक्याचे ठिकाण आहे म्हणून ते नदीकाठी वसले का? तिचे चुकले नव्हते. ‘असून’ दिसल्यावर तिने त्यात काही अर्थ असेल असे प्रामाणिकपणे मानले होते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी हा ‘असून’ थोडा आवरता घेतला तर मुले दुवा देतील.

यावर मी एक खेळ करून घेत असे, त्याला आम्ही ‘गाठ सोडवणे’ म्हणायचो. मोठे वाक्य घ्यायचे आणि त्याची बोलीतली छोटी वाक्ये करायची. “बांध फुटला. म्हणून खारं पाणी शेतात शिरलं. म्हणून भात करपलं.” शेपटीतली खूण अशी उघड्यावर आली, की मुलांच्या डोळ्यांत प्रकाश पडलेला दिसतो. मग उलट करायचे, तीन सुटी वाक्ये गाठ मारून एक करायचे. आगरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या बोलीत गाठ सोडवू द्यायची, हे विशेष महत्त्वाचे. त्यांच्या बोलीत कार्यकारणाची काही कमतरता नाही, फक्त छापील मराठीचे शेपूट त्यांच्या ओळखीचे नसते.

गंमत अशी, की या सगळ्याला लागणारी नावे आपल्या व्याकरणात आधीपासून आहेत. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. तेव्हापासून वरच्या वर्गांतली मुले उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करत आली आहेत. कारणबोधक, परिणामबोधक, न्यूनत्वबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. नीट पाहिले तर ही मजकुराच्या ठेवणींचीच नावे आहेत. पण आपण ती दोन गुणांच्या ‘प्रकार ओळखा’मध्ये कोंडून ठेवली. ‘म्हणून’ हे परिणामबोधक आहे एवढे लिहून मूल मोकळे होते, कशाचा परिणाम कशावर, हे त्याला कोणी विचारतच नाही.

आणि मजकूर बांधून मांडण्याची परंपरा म्हणाल, तर ती आमच्या जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी ‘दासबोध’ सांगितला, असे परंपरा मानते. त्यातल्या उपदेशाबद्दल मी बोलत नाही, फक्त अनुक्रमणिका पाहावी. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे बरोबर दोनशे समास, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर विषयाचे नाव. अगदी पहिल्या समासातच श्रोते विचारतात, की हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळेल. आजच्या पाठ्यपुस्तकांनाही हे नेहमी सुचत नाही. दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणे एकापाठोपाठ एक, लगेच पुढच्या समासात उत्तम लक्षणे. ही तुलनाच आहे, शेजारी शेजारी ठेवलेली. आणि हे त्या काळात, जेव्हा मराठी लेखनात पूर्णविराम-स्वल्पविरामही नव्हते. ती चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या खटपटीने रुळली. खुणा कमी होत्या म्हणून बांधणी पक्की ठेवावी लागत असेल, असा माझा आपला एक तर्क.

हे सगळे कशासाठी, तर केवळ शिष्यवृत्तीच्या उताऱ्यासाठी नव्हे. पेण तालुक्याने २००६ नंतरची काही वर्षे सेझच्या वादात काढली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावले गेले, पुढे ते भूसंपादन बारगळले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. मला आठवतात त्या काळात गावोगाव आलेल्या नोटिसा. सरकारी नोटीस ही कार्यकारणाच्या ठेवणीचा अर्कच असते. ‘ज्याअर्थी’ अमुक, ‘आणि ज्याअर्थी’ तमुक, ‘त्याअर्थी’ आता असे करण्यात येत आहे. अशी चार-पाच ज्याअर्थी एका श्वासात, आणि हरकत किती दिवसांत घ्यायची ते कुठेतरी तळाशी. १८९४ च्या जुन्या कायद्यात त्यासाठी तीस दिवस मिळत, २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात साठ मिळतात. दिवस तीस असोत की साठ, तळापर्यंत पोचलेल्यालाच ते मोजता येतात.

एका गावात देवळाच्या सभामंडपात दहावीचा एक मुलगा अशी नोटीस मोठ्याने वाचत होता. एकही अक्षर न अडखळता. वाचून झाल्यावर म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतला एक म्हणाला, “वाचलंस चांगलं रे बाबा, पण म्हणतायत काय ते?” मुलगा पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. तेव्हा त्याच्या काकूने, चौथी झालेल्या बाईने, कागद हातात घेतला, बोट खाली खाली नेत ‘त्याअर्थी’वर ठेवले आणि तिथून पुढचेच वाचले. मग वर जाऊन एकेक ‘ज्याअर्थी’ वेगळी करत, हे खरे आहे का, हे खरे आहे का, असे सभामंडपाला विचारू लागली. तिसऱ्या ‘ज्याअर्थी’वर वाद सुरू झाला, आणि हरकत कशावर घ्यायची ते तिथेच ठरले. हे वाचन ती कुठे शिकली, असे मी नंतर विचारले. म्हणाली, “सोसायटीच्या कर्जाच्या नोटिसा यायच्या ना बाई, त्यांनी शिकवलं.”

चौथीतल्या मुलाने हे कर्जाच्या नोटिशीकडून शिकायची वाट का पाहावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

एक धोका मला दिसतो आणि तो सांगितला पाहिजे. आपल्याकडे कोणतीही चांगली गोष्ट मार्गदर्शकांच्या तावडीत सापडली की तिची यादी होते. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमतांचे तेच झाले. क्षमता राहिल्या बाजूला, त्यांचे तक्ते भरण्यात शिक्षकांच्या संध्याकाळी गेल्या. उद्या ‘मजकुराच्या ठेवणींचे पाच प्रकार, व्याख्या व प्रत्येकी दोन उदाहरणे’ असा प्रश्न आला तर या सगळ्यावर पाणी पडले म्हणून समजा. तिसरीच्या मुलाला ‘कार्यकारण’ हा शब्द आला नाही तरी काही बिघडत नाही. माझ्या वर्गात आम्ही शब्दांऐवजी चित्रे वापरायचो. क्रमाला जिना, कारणाला बाण, तुलनेला तराजू, वर्णनाला पान, अडचणीला फुटका बांध. उतारा वाचून कोणते चित्र काढावेसे वाटते, एवढेच विचारायचे. आणि ‘का वाटले, ते शब्दावर बोट ठेवून दाखव’, हे सांगायला विसरायचे नाही. बोट ठेवायला लागले की अंदाजपंचे संपते.

घरी तर याहूनही सोपे आहे. त्यासाठी वेगळी पुस्तके आणायला नकोत. औषधाच्या पाकिटावरचा कागद, विजेचे बिल, रेल्वेचे वेळापत्रक, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना, मोबाइलवर आलेला पावसाचा इशारा, हे सगळे माहितीचेच मजकूर. वेळापत्रक तर मला फार आवडते. आडवे वाचले तर एक गोष्ट सांगते, उभे वाचले तर दुसरी, आणि सलग वाचले तर काहीच नाही. मुलाला एवढेच विचारावे, की हा कागद आपल्याला काय सांगायला आला आहे, आणि त्याने ते आधी सांगितले की शेवटी. मात्र आपण लगेच उत्तर देऊन टाकायचा मोह आवरावा. आईवडिलांना हे जड जाते, शिक्षकांना त्याहून जड जाते.

वाचलेली ठेवण मुलाच्या हाडात मुरली की नाही, हे त्याच्या लिहिण्यावरून कळते. निवृत्त होण्याच्या वर्षी तिसरीच्या मुलांना मी घरातल्या एखाद्या कामावर पाच-सहा वाक्ये लिहायला सांगितली होती. खाडीवरच्या एका मुलीने जवळा सुकवण्यावर लिहिले. आई पहाटे जवळा आणते. तो धुऊन अंगणात जाळ्यावर पसरते. जाळे असते म्हणून माती लागत नाही. दुपारी उलटते. ढग आले तर गोळा करते, कारण भिजलेला जवळा कुजतो. संध्याकाळी पाटीत भरते. खाली चित्राची जागा मी रिकामी सोडली होती. तिने तिथे एक जिना काढला होता आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांमधून बाहेर जाणारे दोन बाण. वही माझ्यासमोर धरून म्हणाली, “बाई, यात दोन्ही आहे. असं चालतं का?”

“चालतं,” मी म्हटले. ती जागेवर गेली आणि शेजारणीच्या वहीत कुठे काही दोन दिसते का, ते शोधू लागली.